भिंतीआड जाणाऱ्या कामाची नोंद : घराच्या नूतनीकरणाच्या टप्पेवार छायांकन सेवेचे परीक्षण

घराचे नूतनीकरण चालू असताना त्याच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, मोजमापे आणि आराखडे यांसह पद्धतशीर नोंद करून देणारी सेवा आता खानदेशातही मिळू लागली आहे. धुळ्यात देवपूर भागातील आमच्या वडिलोपार्जित घराचे काम काढले, तेव्हा एका स्थापत्य अभियंत्याच्या कार्यालयाकडून आम्ही ही सेवा घेतली. बांधकामाचा ठेका वेगळ्या ठेकेदाराकडे होता आणि नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचा त्या ठेक्याशी कोणताही आर्थिक संबंध नव्हता. ही या सेवेची पहिली अट असायला हवी, असे मला वाटते. कारण ज्याने काम केले त्यानेच ते टिपले, तर चांगले दिसणारे तेवढेच टिपले जाते. येथे परीक्षण सेवेच्या स्वरूपाचे आहे, म्हणून कार्यालयाचे वा ठेकेदाराचे नाव दिलेले नाही. निष्कर्ष आधीच सांगतो : मोठे काम काढणाऱ्याने ही सेवा अवश्य घ्यावी, मात्र कामाआधीच्या आणि कामानंतरच्या देखण्या चित्रांसाठी घेऊ नये. गिलाव्याखाली, फरशीखाली आणि काँक्रीटच्या पोटात जे कायमचे झाकले जाते, त्याच्या नोंदीसाठी घ्यावी.

घर कसे होते हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण नोंदीची गरज घराच्या जातीवर अवलंबून असते. पुढचा भाग विटांच्या जाड भारवाहक भिंतींचा, मागच्या दोन खोल्यांवर लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशीचे छत, मध्ये अरुंद चौक आणि मागे परसदार, अशी त्याची रचना होती. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. आम्हाला मागचे गर्डर-फरशीचे छत काढून स्लॅब टाकायचा होता, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत काढायची होती, दोन नवी न्हाणीघरे करायची होती, आणि घरातली सगळी वायरिंग व नळजोडणी बदलायची होती. अशा कामात जुने आणि नवे बांधकाम एकमेकांना चिकटलेले राहते, आणि वाद होतात ते नेमके त्या सांध्यांवरच.

पहिला टप्पा पाडकामाच्या आधीचा. बहुतेक घरमालकांना तो अनावश्यक वाटतो. कार्यालयाच्या अभियंत्याने प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत आणि जमीन यांची छायाचित्रे ठरावीक जागी उभे राहून घेतली आणि त्या जागा नकाशावर क्रमांक देऊन दाखवल्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक टप्प्यात कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर यावा. त्यानंतर भेगांची नोंद झाली. पांझरा नदीच्या काठचा हा पट्टा काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या जुन्या घरांच्या भिंतींतील भेगा ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त रुंद होतात. एखादी भेग जुनी आणि स्थिर आहे की अजून वाढते आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहिली होती. भिंत हलली की काच तडकते. आमच्या चौकाकडील भिंतीवरची काच पाडकाम होईपर्यंत शाबूत राहिली आणि मागच्या खोलीतील एक तडकली. मागच्या बाजूला पाया खणून पाहण्याचा निर्णय त्या एका तडकलेल्या काचेवरून झाला.

सामाईक भिंतीची नोंद शेजाऱ्यांच्या बाजूनेही करून घेतली, त्यांच्या घरात जाऊन, त्यांच्यासमोर आणि त्यांची सही घेऊन. शेजारचे आप्पा सुरुवातीला थोडे नाराज झाले, पण त्यांच्या भिंतीवर आधीपासून असलेल्या भेगांची एक प्रत त्यांनाही दिल्यावर त्यांना त्यातला उपयोग पटला. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमध्ये, अमळनेरच्या किंवा चोपड्याच्या दाट वस्तीत, घराला घर लागून असते. हातोडा चालू झाल्यावर शेजारी कुठे तडा गेला की तो जुना की नवा, यावरून पिढ्यांचे संबंध बिघडतात. हा एक कागद नसेल, तर पाडकामाला हात लावू नये, असेच मी कोणालाही सांगेन.

पाडकामाची नोंद चांगली झाली, पण तिच्यावर फार लिहिण्यासारखे नाही. काढलेले सागवानी दरवाजे, चौकटी, गर्डर आणि फरश्या यांची यादी छायाचित्रांसह केली होती. भंगारात काय गेले आणि पुन्हा वापरायला काय ठेवले, हे त्यामुळे स्पष्ट राहिले. जुन्या सागाच्या चौकटी नव्या बैठकीत बसवल्या गेल्या, हे मला विशेष आवडले.

पुढचा टप्पा लोखंड आणि काँक्रीटचा. येथे ही सेवा आपल्या मोलाला पूर्ण उतरली. स्लॅब भरण्याच्या आधी सळयांची जाळी बांधून झाली, तेव्हा अभियंत्याने प्रत्येक बाजूने टेप लावून छायाचित्रे घेतली : सळईचा व्यास, दोन सळयांमधले अंतर, बीमच्या रिंगांमधले अंतर, आधारावरील जास्तीच्या सळया आणि सळईखालचे कव्हर. कव्हर म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांमधले अंतर. सामान्य परिस्थितीत ते स्लॅबला 20 मिलिमीटर आणि कॉलमला 40 मिलिमीटर ठेवतात. ते राहावे म्हणून सळईखाली सिमेंटचे किंवा प्लास्टिकचे छोटे ठोकळे ठेवावे लागतात. आमच्या एका कोपऱ्यात ते ठोकळे नव्हते आणि जाळी थेट सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी खालून लावलेल्या तात्पुरत्या साच्याच्या, प्लेटांवर टेकलेली होती. हे वरून उभे राहून दिसत नाही. अभियंत्याने फोन जवळजवळ प्लेटेवर आडवा ठेवून, सळईच्या पातळीवरून छायाचित्र घेतले, आणि त्यात सळई व प्लेट यांमध्ये अंतरच नसल्याचे स्पष्ट दिसले. तसेच काँक्रीट ओतले असते, तर काही वर्षांत ती सळई गंजून फुगली असती आणि छताचा पापुद्रा सुटला असता. छायाचित्र त्याच संध्याकाळी आम्हाला आणि ठेकेदाराला आले, दुसऱ्या दिवशी ठोकळे बसले आणि दुरुस्तीनंतरचे छायाचित्र त्याच कोनातून पुन्हा घेतले गेले. कोणाशी वाद घालावा लागला नाही. तोंडी तक्रार केली असती, तर मिस्त्रींनी ती मानापमानाची बाब केली असती. चित्र समोर आल्यावर त्यांनीही ते शांतपणे मान्य केले, याचे श्रेय मी या पद्धतीला देतो.

मधली भिंत काढून तिच्याजागी बीम घालण्याचे काम सर्वांत जोखमीचे होते. भिंत पाडण्याआधी वरचे छत टेकूंवर घेतले आहे का, टेकू कशावर उभे आहेत आणि बीमची दोन्ही टोके भिंतीत किती आत बसली आहेत, या प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र नोंदीत आहे. पुढे कधी वर मजला चढवायचा झाला, तर संरचनेचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला हेच सर्वांत आधी लागेल. जुन्या घरांच्या बाबतीत हा माणूस बहुधा अंदाजाने गणित करतो, कारण आत काय आहे हे सांगायला कोणी उरलेले नसते.

स्लॅब उन्हाळ्यात पडला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांच्या आसपास असतो आणि वारा कोरडा असतो, त्यामुळे काँक्रीटमधले पाणी फार लवकर उडून जाते. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. 456 या संहितेनुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस पाणी द्यावे लागते. कोरड्या आणि उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटसाठी ही मुदत 10 दिवसांपेक्षा कमी चालत नाही आणि मिश्र सिमेंटसाठी ती 14 दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. बाजारातले बरेचसे सिमेंट हे मिश्र, म्हणजे फ्लाय ॲश घातलेले पी.पी.सी. असते, त्यामुळे खानदेशात उन्हाळी कामाला 14 दिवस धरूनच चालावे. कार्यालयाने स्लॅबवर आळी बांधून साठवलेल्या पाण्याची आणि बीमला गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटाची छायाचित्रे सकाळी व दुपारी अशी दोन वेळा मागवली. ती काढण्याचे काम आमच्याच घरातील माणसाकडे सोपवलेले होते. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात काँक्रीटला दोन आठवडे पाणी द्यायचे म्हणजे टँकरचा खर्च आला. पाणी नेमके दुपारी आटते आणि ठेकेदाराची माणसे त्या वेळी सावलीला असतात. दुपारच्या छायाचित्राची अट नसती, तर त्या स्लॅबला दिवसातून एकदाच पाणी मिळाले असते, याबद्दल मला शंका नाही. येथे नोंदीने केवळ घडलेले टिपले नाही, तर घडायला हवे ते घडवून आणले.

आता वायरिंग आणि नळजोडणीकडे येतो. माझ्या दृष्टीने सगळ्या सेवेचा गाभा हाच. भिंतीत झिऱ्या मारून, म्हणजे खाच पाडून, त्यात पाइप बसवतात आणि वरून गिलावा करतात. एकदा गिलावा झाला की पाइप कुठून गेला हे कोणालाच ठाऊक नसते. प्लंबर गावी जातो, इलेक्ट्रिशियन दुसऱ्या कामावर जातो. कार्यालयाने प्रत्येक भिंतीचे सरळ समोरून छायाचित्र घेतले आणि त्यात दोन टेप लावलेले होते : एक तयार जमिनीच्या पातळीपासून उभा, दुसरा जवळच्या कोपऱ्यापासून आडवा. मोबाइलच्या रुंद भिंगाने चित्राच्या कडा वाकतात, म्हणून मोजायची वस्तू चित्राच्या मध्यभागी ठेवण्याचा नियम त्यांनी पाळला. त्या चित्रांवरून पुढे प्रत्येक भिंतीचा एक आराखडा तयार झाला, ज्यावर गरम पाण्याचा पाइप तांबडा, थंड पाण्याचा निळा, सांडपाण्याचा काळा आणि विजेच्या नळ्या पिवळ्या रंगाने दाखवल्या आहेत. धुळ्याच्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडेही नगराचे पाणी वेगळ्या टाकीत आणि बोअरचे जड पाणी वेगळ्या टाकीत जाते. त्या दोन्ही ओळी आराखड्यात वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या आहेत, ही बारकाई मला फार मोलाची वाटली.

भारवाहक भिंतीला खाच किती खोल पाडावी यालाही मर्यादा आहे. सर्वसाधारण नियम असा की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एकषष्ठांशापेक्षा खोल असू नये. नऊ इंची भिंतीत आडवी खाच दीड इंचापलीकडे गेली, तर भिंत दुबळी होते. एका ठिकाणी आडव्या खाचेची खोली टेपवर जास्त दिसली, तेव्हा तो पाइप जमिनीतून फिरवून घेण्यात आला. वायरींच्या बाबतीत दिव्यांना 1.5, सॉकेटला 2.5 आणि गीझर व एसीला 4 चौरस मिलिमीटरची तार घातली आहे हे दाखवण्यासाठी तारेवरील छापील अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून छायाचित्रे घेतली आहेत. नळांची दाबचाचणी, म्हणजे पाइपांत नेहमीच्या कामाच्या दाबाच्या दीडपट दाब भरून तो टिकतो का हे पाहणे, तिचीही नोंद आहे : दाबमापकाचा काटा चाचणी सुरू करताना आणि संपवताना, शेजारी घड्याळासह.

या नोंदीचा उपयोग किती लवकर होईल याची मला कल्पना नव्हती. स्वयंपाकघरातील कपाटे बसवायला आलेल्या कारागिराने ड्रिल हातात घेतले आणि मला विचारले, "भाऊ, आठे नळी शे का?", म्हणजे इथे नळी आहे का? आमच्या भागात हा प्रश्न प्रत्येक कारागीर विचारतो आणि घरमालक बहुधा "नसावी" असे उत्तर देतो. मी त्या भिंतीचा आराखडा फोनवर उघडून दाखवला. कारागिराने टेप लावला, कोपऱ्यापासूनचे अंतर मोजले आणि पेन्सिलीने भिंतीवर गरम पाण्याच्या पाइपाची रेघ मारली. त्याने ठरवलेली दोन छिद्रे त्या रेघेवरच येत होती. ती चार बोटे बाजूला सरकली आणि कपाट व्यवस्थित बसले. नव्या टाइल्स, नवा गिलावा आणि नवी जोडणी फोडावी लागली असती, तर त्याचा खर्च या संपूर्ण सेवेच्या शुल्काच्या मोठ्या भागाएवढा झाला असता.

स्वयंपाकघराबद्दल एक गोष्ट ओघात सांगतो. खानदेशात खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसाठी मोठी चूल लागते आणि कोणताही आधुनिक ओटा तिला पुरत नाही. आईच्या आग्रहाने परसदारी चुलीची जागा, वर धूर जाण्याची सोय आणि शेजारी पाण्याचा नळ ठेवला. नूतनीकरणाचे आराखडे करणारे तरुण बहुधा पुण्या-मुंबईची घरे डोळ्यांसमोर ठेवतात. आपल्या घरात काय रांधले जाते हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांगायला हवे.

न्हाणीघरे आणि गच्ची यांच्या जलरोधक कामाची नोंद समाधानकारक आहे, पण परिपूर्ण नाही. न्हाणीघरात लेप लावण्यापूर्वी कोपरे गोलाकार केले आहेत का, लेपाचा पहिला आणि दुसरा हात वेगवेगळ्या दिशेने दिला आहे का, लेप भिंतीवर किती वर चढवला आहे आणि पाइप जेथून बाहेर येतात तेथे काय केले आहे, हे सगळे चित्रांत आहे. त्यानंतर जाळीचे तोंड बंद करून 48 तास पाणी साठवले, पातळीची खूण भिंतीवर केली आणि खालच्या छताचे चित्र घेतले. ही तलावचाचणी फरशी बसण्याआधी व्हायला हवी. फरशी बसवून झाल्यावर केलेल्या चाचणीत गळती सापडली, तर फरशी फोडण्याशिवाय मार्ग उरत नाही. नोंदीचे वेळापत्रक आधीच ठरलेले असल्यामुळे फरशीवाल्याला दोन दिवस थांबावे लागले, त्याने कुरकुर केली, पण चाचणी झाली.

गच्चीच्या बाबतीत मात्र मला उणीव जाणवली. आपल्याकडे गच्ची म्हणजे उन्हाळ्यात कुरडया, पापड, बिबडे आणि शेवया वाळवायची आणि रात्री झोपायची जागा. तिच्यावर वर्षभर वावर असतो. पाण्याचा उतार शंभराला एक इतका तरी असावा लागतो. कार्यालयाने उताराचे छायाचित्र घेतले आहे, परंतु ते पाण्याच्या नळीची पातळी लावून नव्हे, नुसते कोब्याचे वरून घेतलेले चित्र आहे, आणि वरून घेतलेल्या चित्रात उतार दिसत नाही. पहिल्या पावसात एका कोपऱ्यात पाणी साचले. ठेकेदाराने ते दुरुस्त करून दिले, परंतु तेथे किती उतार ठेवला होता हे नोंदीवरून सिद्ध करता आले नाही. उष्णता कमी व्हावी म्हणून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली आहे आणि तिचा लाभ मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत स्पष्ट जाणवतो. पण त्या तुकड्यांखाली काय आहे याची नोंद असायला हवी होती तितकी भक्कम नाही.

शेवटच्या टप्प्यात, म्हणजे गिलावा, पुट्टी, रंग, फरशी आणि लाकूडकाम यांत, सेवेचा तोल बिघडला. छायाचित्रांची संख्या येथे एकदम वाढली आणि उपयुक्तता घटली. सायंकाळच्या उजेडात दिवे लावून घेतलेली बैठकीची चित्रे, ड्रोनने घेतलेले गच्चीचे दृश्य आणि संगीत लावलेली चित्रफीत दिसायला सुंदर आहेत, पण घरमालकाला त्यांचा उपयोग नाही. त्याऐवजी मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्सच्या मागे चिकटवणारा लेप सगळीकडे पसरला आहे का, हे एखादी ताजी बसवलेली टाइल उचलून दाखवणारे चित्र हवे होते. नवी वीट आणि जुनी भिंत यांच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी ठोकली आहे का, हेही हवे होते. जुन्या-नव्याच्या सांध्यावर भेग पडतेच पडते. आमच्याकडे जाळी ठोकली होती हे मी स्वतः पाहिले आहे, परंतु नोंदीत तिचे एकच, तेही दुरून घेतलेले चित्र आहे. वीजफलकाच्या बाबतीतही तसेच घडले. फलकात 30 मिलिॲम्पिअरचे आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण, बसवल्याचे चित्र आहे, मात्र कोणते एम.सी.बी., म्हणजे भार वाढताच आपोआप बंद होणारे बटण, कोणत्या खोलीचे, याचा तक्ता दिलेला नव्हता. तो आम्ही मागून घेतला.

नोंद हाती कोणत्या स्वरूपात येते, हा सेवेचा अर्धा भाग आहे. आम्हाला टप्प्यांप्रमाणे लावलेल्या फोल्डरांत मूळ छायाचित्रे, भिंतींच्या आराखड्यांची पीडीएफ आणि मुख्य आराखड्यांची छापील वही असे तीन प्रकारे साहित्य मिळाले. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, खोली आणि भिंतीची दिशा आहे, त्यामुळे हवे ते चित्र लगेच सापडते. मजकूर मराठीत आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तो वाचता येतो. ही साधी बाब आहे, पण अनेक कार्यालये ती विसरतात. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी : व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेले छायाचित्र दाबून लहान केले जाते आणि त्याच्या आत साठवलेली तारीख, वेळ यांसारखी माहिती निघून जाते. रोजच्या कामासाठी व्हॉट्सॲप गट सोयीचा आहे, पण पुरावा म्हणून मूळ फाइलच हवी. त्या फाइली गूगलच्या मोफत 15 जीबी जागेत मावतीलच असे नाही, म्हणून त्या वेगळ्या हार्ड डिस्कवरही घेतल्या आणि वही कपाटात ठेवली.

छायाचित्रांवर हक्क कोणाचा, हे कामापूर्वीच लिहून घ्यावे. कार्यालये आपल्या जाहिरातीसाठी घराची चित्रे समाजमाध्यमांवर टाकतात. त्यांत खिडक्यांच्या जाळ्या, मागचा दरवाजा, तिजोरीची भिंत आणि कॅमेऱ्यांच्या जागा दिसत असतील, तर ते धोक्याचे आहे. आमच्या करारात केवळ बैठकीच्या खोलीची तयार चित्रे वापरण्याची मुभा दिली आहे आणि कार्यालयाने ती अट तक्रार न करता पाळली आहे.

शुल्क भेटींवर ठरलेले होते आणि एकूण खर्चाच्या मानाने ते लहान होते. ज्यांना केवळ रंग, फरशी आणि कपाटे बदलायची आहेत, त्यांना पूर्ण सेवा घेण्याचे कारण नाही. ते स्वतः टेप लावून, समोरून छायाचित्रे घेऊ शकतात. परंतु भिंत काढायची आहे, छत बदलायचे आहे, न्हाणीघर हलवायचे आहे किंवा घर शेजाऱ्यांना लागून आहे, त्यांनी ही सेवा घ्यावी आणि ठेकेदाराच्या करारातच असे कलम घालावे की झाकल्या जाणाऱ्या कोणत्याही कामाची नोंद झाल्याशिवाय ते झाकता येणार नाही आणि त्या टप्प्याचा हप्ता नोंदीनंतरच दिला जाईल. आमच्या करारात हे कलम होते म्हणून मिस्त्री थांबले. ते नसते तर नोंद ठेवणारा येईपर्यंत गिलावा वाळलेला असता. कर्ज घेऊन काम करणाऱ्यांना बँकेचे पुढचे हप्ते मिळवताना टप्प्यांची नोंद उपयोगी पडते. पुढे घर विकायची वेळ आली, तर सुधारणेचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात धरण्यासाठी बिलांच्या जोडीला ही चित्रेही हाताशी असतात.

कार्यालयाला मी लेखी कळवलेल्या सूचना तीन आहेत : गच्चीच्या उताराची नोंद पाण्याच्या नळीची पातळी लावून घ्यावी, टाइल्समागील लेपाचे आणि सांध्यावरील जाळीचे जवळून चित्र सक्तीचे करावे, आणि वीजफलकाचा तक्ता मूळ वहीतच द्यावा. पहिली आणि तिसरी सूचना त्यांनी मान्य केली आहे. दुसरीबाबत त्यांचे म्हणणे असे की बसवलेली टाइल उचलायला फरशीवाले तयार होत नाहीत. दर खोलीत एक टाइल उचलून पाहण्याची अट फरशीच्या ठेक्यात आधीच घातली, तर ही अडचण राहत नाही.